प्रकरण अभ्यास: बिलावर ‘सेलेनिसेरियस’, शेतात भलतंच

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, टँकरच्या यादीत कायम असणारा तालुका. गावाचं आणि माणसाचं नाव देत नाही, त्यांना इथे अण्णा म्हणू. आधी डाळिंब होतं, तेल्या रोगाने बाग गेली, उपटून टाकली, मग मुरमाड रान तसंच पडून होतं. शेजारच्या गावातलं ड्रॅगन फ्रूट पुण्याच्या मार्केटला जातं हे कळल्यावर अण्णांनीही अर्धा एकर करायचं मनावर घेतलं. १० बाय ८ फुटांवर सिमेंटचे पोल, वर रिंग, पोलला चार रोपं, म्हणजे अर्ध्या एकरात अडीचशेच्या पुढे पोल आणि हजारभर रोपं. यात मोठा खर्च पोल-रिंगचा असतो, रोपं त्यामानाने स्वस्त पडतात, त्यामुळे पोलचं सिमेंट वाजवून बघणारे लोक रोपाच्या बिलावर नजरही टाकत नाहीत.

रोपं तीन ठिकाणांहून आली. पांढऱ्या गराची एका नर्सरीतून, बिलावर ‘हायलोसेरियस अंडॅटस’ असं व्यवस्थित लिहिलेलं. लाल गराची एका पाहुण्याच्या शेतातून, बिल वगैरे काही नाही. तिसरा लॉट महागाचा, ‘पिवळं ड्रॅगन’ म्हणून परराज्यातल्या एका नर्सरीतून मागवलेला आणि बिलावर नुसतं ‘सेलेनिसेरियस’, पुढे काहीच नाही. अण्णांचा मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने मागवायच्या आधी नेटवर बघून घेतलं होतं की साध्या ड्रॅगनचं जीनस (शास्त्रीय नावातला पहिला शब्द, म्हणजे गटाचं नाव) हायलोसेरियस आणि काटेवाल्या पिवळ्याचं सेलेनिसेरियस मेगालँथस. बिलावर सेलेनिसेरियस आलंय म्हणजे माल बरोबर आलाय, विषय संपला. पोराचा तर्क ठीकच होता, फक्त त्याने वाचलेली माहिती २०१७ च्या आधीची होती.

लागवड झाली फेब्रुवारीत, कारण पोल तेव्हा मिळाले. पाण्याबद्दल सगळ्यांनी एकच सल्ला दिला, निवडुंग आहे, जास्त देऊ नका. सावलीचा विषय तर कुणी काढलाच नाही.

अडचण काय आली

एप्रिल संपता संपता फोन आला की रोपं पिवळी पडायला लागलीत. जाऊन बघितलं तर फांद्यांची मावळतीकडची बाजू आधी पिवळी, मग पांढुरकी होऊन कागदासारखी सुकलेली, उगवतीकडची बाजू मात्र अजून हिरवी. काही फांद्यांवर लहान नारिंगी-तपकिरी ठिपके, दाबलं तर आत मऊ. म्हणजे आधी उन्हाने भाजलं आणि भाजलेल्या जागेतून बुरशी शिरली, ड्रॅगनवर निओसायटॅलिडियम नावाची बुरशी असा खोडाचा कँकर, म्हणजे खोड सडवणारा व्रण, करते आणि तिला अशी जखमी जागा फार सोयीची पडते.

अण्णांना ऊन हे कारण पटेचना. “आवं निवडुंगाला ऊन लागतंय व्हय? बांधावरचा फड्या बघा की, दुष्काळात जनावरं मेली पण त्यो नाय मेला.”

दुसरी गोष्ट मला तिथे उभं राहूनच खटकली. तिन्ही लॉट शेजारी शेजारी होते आणि पांढरा लॉट जितका भाजलेला तितकाच ‘पिवळा’ही भाजलेला, लाल मात्र बराच सुखरूप. खिशातल्या भिंगाने बघितलं तर पांढऱ्याच्या फांदीची कड लाटांसारखी वरखाली आणि तिच्यावर तपकिरी, नखासारखी कडक किनार. ही अंडॅटसची ओळखीची खूण. ‘पिवळ्या’ लॉटमध्येही तीच किनार, तसेच आखूड राखाडी काटे. खऱ्या मेगालँथसची फांदी सडपातळ असते आणि तिला अशी कडक किनार नसते. लालच्या फांदीवर पांढरट मेणचट थर होता, बोटाने पुसला की निघत होता, आणि तो थरच उन्हात थोडाफार कामी आला असावा.

म्हणजे प्रॉब्लेम दोन होते, रोपं जळतायत आणि महागाचा लॉट बहुतेक वेगळाच निघालाय. दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी होतं, हे झाड नक्की कुठल्या गोतावळ्यातलं आणि कुठल्या जंगलातलं, हे लावण्याआधी कुणी बघितलंच नव्हतं.

वर्गीकरणाचा गुंता

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

हायलोसेरियस आणि सेलेनिसेरियस ही दोन्ही जीनस ब्रिटन आणि रोझ या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जोडीने १९०९ मध्ये स्वतंत्र म्हणून मांडली. त्याआधी ही सगळी मंडळी सेरियस नावाच्या एका भल्यामोठ्या जीनसमध्ये कोंबलेली असायची. ढोबळ फरक असा की हायलोसेरियसच्या फांद्या जाड, तीन धारांच्या आणि फळावर खवले पण काटे नाहीत, तर सेलेनिसेरियसच्या फांद्या बारीक, धारा बहुतेक जास्त आणि फुलाच्या देठाकडे व फळावर काटे किंवा केस. शंभर वर्षं हे चाललं.

यात मेगालँथस, म्हणजे खरं पिवळं ड्रॅगन, कुठेच नीट बसत नव्हतं. फांदी तीन धारांची म्हणजे हायलोसेरियससारखी, फळावर काटे म्हणजे सेलेनिसेरियससारखं. १९५३ मध्ये मोरानने त्याला सेलेनिसेरियसमध्ये टाकलं, २००३ मध्ये बाउअरने उचलून हायलोसेरियसमध्ये नेलं. वर आणखी, बाकीच्या ड्रॅगनमध्ये गुणसूत्रं २२ आणि यात ४४. मुलाने वाचलेलं पान मोरानच्या बाजूचं होतं एवढंच.

मग २०१७ मध्ये कोरोत्कोवा, बोर्श आणि आरियास यांचा या सगळ्या गटावरचा डीएनए अभ्यास फायटोटॅक्सा या जर्नलमध्ये आला. त्यातून दिसलं की हायलोसेरियस ही वेगळी शाखा नाहीच, ती सेलेनिसेरियसच्या फांद्यांमध्येच उगवलेली आहे. मग दोन नावं ठेवण्यात अर्थ उरला नाही आणि हायलोसेरियस सेलेनिसेरियसमध्ये विलीन झालं. त्याच वर्षी हंटने अंडॅटसचं नाव सेलेनिसेरियस अंडॅटस केलं. म्हणजे आज पांढरं, लाल, पिवळं, सगळं ड्रॅगन फ्रूट सेलेनिसेरियसच. जीनसमध्ये आता तीसेक स्पीशीज, म्हणजे जाती, धरतात.

आता अण्णांचं बिल परत वाचा. नर्सरीवाल्याने सेलेनिसेरियस लिहून अंडॅटस दिलं, कागदावर तो शंभर टक्के बरोबर. जुन्या माहितीने वाचणाऱ्याला तेच नाव ‘पिवळं’ असं वाचता येतं. मुद्दाम केलं की सहज झालं हे मी सांगू शकत नाही, पण हा दुहेरी अर्थ सध्या बाजारात फिरतोय एवढं खरं. त्यात भर म्हणजे पिवळ्या सालीचं, बिनकाट्याचं अंडॅटसही मिळतं, त्यामुळे ‘साल पिवळी’ हाही पुरावा होत नाही.

मूळ घर

कॅक्टस कुळातली झाडं सगळी अमेरिका खंडातली, एक रिप्सॅलिस बॅक्सिफेरा सोडून, ती आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही नैसर्गिकरीत्या सापडते. अण्णांच्या बांधावरचा फड्यासुद्धा मूळचा अमेरिकेतलाच, पण त्याचं उपकुळ वेगळं आणि तो मोकळ्या, कोरड्या रानाला सरावलेला. (त्रिधारी निवडुंग, ज्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो तर कॅक्टसच नाही, युफोर्बिया आहे. दिसायला ड्रॅगनसारखा तीन धारांचा असल्यामुळे त्याच्यावरून अंदाज बांधणारे लोक बरेच भेटतात.)

सेलेनिसेरियसचा नैसर्गिक पसारा मेक्सिकोपासून मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि तिथून खाली दक्षिण अमेरिकेत, सेटेशियस ही स्पीशीज तर ब्राझील, पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिनापर्यंत जाते. पण नकाशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथे ती राहते कुठे. वाळवंटात नाही. उष्ण प्रदेशातल्या पानझडी आणि दमट जंगलात, झाडाच्या बुंध्याला किंवा खडकाला हवेतल्या मुळांनी चिकटून वर चढते, डोक्यावर फांद्यांची जाळीदार सावली, बुंध्याशी पालापाचोळ्याचं खत, पावसाचे महिने भरपूर ओले. निवडुंगासारखी जाडसर फांदी आहे, रात्री श्वास घेऊन दिवसा छिद्रं बंद ठेवायची युक्तीही आहे, त्यामुळे ती ताण सहन करते, पण भर उन्हात उभं राहणं तिच्या रक्तात नाही. आमच्याकडे सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि एप्रिल-मे चाळिशीच्या वर, त्यात मुरूम तापून खालून उलटी झळ.

अंडॅटसचं मूळ गाव नेमकं सांगणंही अवघड आहे. हॉवर्थने १८३० मध्ये तिचं वर्णन केलं ते चीनमधून आलेल्या झाडावरून, म्हणजे तोवर माणसाने तिला अर्ध्या जगात फिरवलं होतं. दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे तिचं घर धरतात, पण माणसाने लावलेली कुठली आणि आपोआप आलेली कुठली हे तिथेही वेगळं काढता येत नाही. लालवाल्या मोनाकँथस आणि कोस्टारिसेन्सिस या मध्य अमेरिकेकडच्या, मोनाकँथस पुढे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातही आहे. आणि मेगालँथस कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया पट्ट्यातली, कोलंबियात तिच्या बागा हजार-दीड हजार मीटर उंचीवर, थंडाव्यात असतात.

हे सगळं अण्णांना समजावताना माझी काही डाळ शिजत नव्हती. शेवटी काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आमचं ब्रह्मकमळ पण उन्हात ठेवलं की असंच पिवळं पडतंय.” घरोघरी कुंडीत असतं ते ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, तेही कॅक्टसच, तेही दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातलं, आणि वर्गीकरणात ड्रॅगनच्याच हायलोसेरीई गटातलं, फूलही तसंच रात्री उमलणारं. अण्णा उठून पडवीतली कुंडी बघून आले. त्यानंतर सावली द्यायची की नाही हा वाद परत झाला नाही, कशी द्यायची एवढाच राहिला.

कोणते पर्याय होते

बाग काढून टाकणे हा पर्याय मुलाने मांडला आणि लगेच मागे पडला, पोलचे पैसे अडकलेले.

शेडनेट सगळ्यात खात्रीचा, पण अर्ध्या एकरावर तारा, पाइप आणि नेट म्हणजे परत मोठा खर्च आणि आमच्याकडच्या वळवाच्या वाऱ्यात ते टिकेल का ही भीती. केओलिन, म्हणजे पांढऱ्या मातीची पूड, तिची फवारणी स्वस्त, फांदी पांढरी होते आणि ऊन परतवते, पण वळीव आला की धुऊन जातं, पुन्हा मारा. बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची ताण व्यवस्थापनाची संस्था आहे, तिथे ड्रॅगनवर बरंच काम झालंय आणि उन्हाळ्यातल्या सनबर्नसाठी सावलीचा आग्रह त्यांचाही आहे, त्यामुळे दिशा बरोबर आहे याची खात्री होती.

चौथा पर्याय अण्णांनी स्वतः काढला. त्यांची सासुरवाडी मिरज तालुक्यातली, पानमळेवाली. पानवेल शेवरी-शेवग्याच्या आधाराने आणि सावलीत वाढवतात तसंच याला का करू नये? मला हा पर्याय सगळ्यात आवडला, कारण सेलेनिसेरियस तिच्या घरी राहते ती साधारण तशीच, झाडाला धरून. पण शेवरी मोठी व्हायला एक पावसाळा लागणार आणि रोपं तर आत्ता जळत होती.

ओळख पटवण्याबाबत तीन वाटा होत्या. डीएनए चाचणी, जी अर्धा एकरवाल्यासाठी अती झाली असती. फळाची वाट बघणे, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, तोवर नर्सरीवाला फोन उचलेल याची खात्री नाही. किंवा फांदीच्या खुणांवरून मत बनवायचं आणि कुणा जाणकाराकडून तपासून घ्यायचं.

काय केलं

पैसे असतील तेवढ्या भागावर, म्हणजे मावळतीकडच्या सगळ्यात भाजलेल्या ओळींवर, पन्नास टक्क्यांची नेट टाकली. बाकी ओळींवर केओलिन. कडेच्या दोन ओळी काहीच न करता सोडायच्या असं मी सुचवलं, म्हणजे फरक दिसेल, अण्णा कुरकुरले पण एक ओळ सोडली. सडलेल्या फांद्या निरोगी भागापर्यंत कापून, जाळून टाकल्या, प्रत्येक कापानंतर कात्री पुसून, आणि कापावर बुरशीनाशकाची पेस्ट. पाणी थोडं थोडं पण वारंवार, संध्याकाळी, आणि बुंध्याशी उसाच्या पाचटाचं आच्छादन. जूनचा पाऊस झाल्यावर दर दोन ओळींमध्ये शेवरी टोकली.

ओळखीसाठी फांदीची कड, काटे आणि आडवा काप यांचे फोटो कोल्हापूरच्या एका बॉटनीच्या प्राध्यापिकांना पाठवले. त्यांचं उत्तर सावध होतं, ‘पिवळा लॉट मेगालँथस नाही हे नक्की, अंडॅटस असण्याची शक्यता जास्त, फुलावर शिक्कामोर्तब करू.’ मला अशी उत्तरं आवडतात.

नर्सरीवाल्याशी बोलणं मुलाने केलं. पहिलं उत्तर अपेक्षित होतं, बिलावर आहे तेच दिलंय. पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानेच काटेवाल्या पिवळ्या फळाचा फोटो पाठवून ‘हेच आहे’ लिहिलेलं होतं, ते मुलाने जपून ठेवलं होतं. ग्राहक मंचात जायचं का यावर घरात दोन रात्री वाद झाला, मुलगा जाऊया म्हणत होता, अण्णा नको म्हणत होते, तारखा कोण करणार. शेवटी पांढऱ्या आणि पिवळ्या रोपाच्या दरातला फरक परत घेऊन मिटवलं, तोही पूर्ण मिळाला नाही.

पुढे काय झालं

नेटखालच्या ओळी महिन्याभरात सावरल्या, नवे कोंब आले. मेअखेरच्या वळवाने एका बाजूची नेट फाडली, ती पुन्हा शिवून बांधावी लागली. केओलिनच्या ओळींचा निकाल मध्यम, जुन्या भाजलेल्या फांद्या तशाच राहिल्या पण नवीन भाजल्या नाहीत. मोकळ्या सोडलेल्या ओळीतली निम्म्याहून जास्त रोपं पुन्हा लावावी लागली, आणि ती ओळ बघायला गावातले लोक येतात, नेटवाली बघायला कुणी येत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात शेवरी डोक्यावर आली आणि नेटची गरज जवळपास संपली. मात्र पावसाळ्यात तीच सावली जास्त व्हायला लागली, फुलं कमी, म्हणून जूनला शेवरी छाटायची आणि पाला शेळ्यांना घालायचा असं बसलंय. शेवरी पाणीही पिते, ड्रिपचा वेळ वाढवावा लागला, हे धरूनच हिशोब करावा.

दुसऱ्या पावसाळ्यात ‘पिवळ्या’ लॉटला फुलं आली आणि महिन्याभराने फळं गुलाबी सालीची, पांढऱ्या गराची निघाली. अंडॅटस. खऱ्या मेगालँथसचं फळ पिकायला याच्या तिप्पट-चौपट वेळ घेतं, त्यामुळे तिथेच शंका मिटली. आता गंमत बघा, हा लॉट खरंच मेगालँथस असता तर अण्णांचं जास्त नुकसान झालं असतं. अँडीजच्या थंड उतारावरचं, जास्त सावली मागणारं झाड चाळीस अंशाच्या मुरमात लावणं म्हणजे अवघडच. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून आणलेल्या खऱ्या मेगालँथसच्या दोन-तीन फांद्या अण्णांनी हट्टाने घरामागच्या आंब्याखाली लावल्यात, त्या जिवंत आहेत, वाढही आहे, फुलाचं मात्र नाव नाही.

लाल लॉटला फुलं भरपूर आली आणि बरीचशी गळाली. लाल ड्रॅगनच्या पुष्कळ वाणांना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या वाणाचा लागतो, आणि मूळ जंगलात हे काम रात्री वटवाघळं आणि मोठे पतंग करतात. इथे पहाटे फूल मिटायच्या आत मधमाश्या येतात तेवढंच. मग अण्णा आणि काकू रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन, पांढऱ्याचा पराग जुन्या मेकअपच्या ब्रशने लालच्या फुलाला लावायला लागले, तेव्हापासून फळ धरायला लागलं. चुकून आलेला अंडॅटसचा जादा लॉट इथे परागासाठी उपयोगी पडला, हे नर्सरीवाल्याला अर्थातच सांगितलं नाही.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महागात पडला तो फेब्रुवारीतला निर्णय. पोल आले म्हणून रोपं लावली, आणि कोवळ्या कटिंगला मूळ धरायच्या आत उन्हाळा गाठला. पोल फेब्रुवारीत उभे करून रोपं पावसाळ्यात लावली असती आणि शेवरी त्याच वेळी टोकली असती तर नेटचा खर्च वाचला असता असं माझं स्पष्ट मत आहे.

बिलाबाबत, जीनसच्या नावावर काहीही विकत घेऊ नये. स्पीशीज, वाणाचं नाव आणि शक्य असेल तर मातृवृक्षाच्या फांदीचा व फळाचा फोटो, हे बिलासोबत मागावं. जुनं नाव दिलं तरी चालेल, हायलोसेरियस अंडॅटस लिहिलेलं पहिलं बिल जुन्या नावाचं असूनही तिन्हींत सगळ्यात उपयोगी ठरलं कारण त्यात स्पीशीज होती. आणि नवीन लॉट आला की हजार रोपं लावायच्या आधी भिंग घेऊन दहा फांद्यांच्या कडा बघायला अर्धा तास लागतो.

नर्सरीशी तडजोड बरोबर होती का यावर माझं आणि मुलाचं अजून एकमत नाही. पैसे लवकर सुटले हे खरं, पण तीच नर्सरी आजही तसंच बिल देत असेल तर पुढच्या माणसाचं काय, हा त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही.

सध्या प्रत्येक ओळीच्या पहिल्या पोलवर पत्र्याची पाटी आहे, त्यावर लॉट कुठून आला, कधी लावला, नवीन नाव आणि खाली जुनं नाव. लाल लॉटची पाटी मात्र ‘लाल, पाहुण्यांकडचा’ एवढीच आहे, कारण तो मोनाकँथस की कोस्टारिसेन्सिस की दोघांचा संकर हे फुलांवरूनही ठरलं नाही. प्राध्यापिकाबाईंनी पुढच्या हंगामात फुलाचे खवले आणि कळीचा रंग टिपून ठेवायला सांगितलंय, ते काम काकूंकडे आहे, कारण रात्री नऊला फुलाजवळ बॅटरी घेऊन त्याच असतात.